आसणवाडीची रंगपट्टी

आसणवाडीत रंगवाचकाची जागा निघाली तेव्हा अर्ज करणारी रसिका उतेकर एकटीच होती. सावित्रीच्या खोऱ्यातली ही एक्केचाळीस घरांची वाडी. तीस घरं खालच्या अंगाला, रस्त्यालगत. उरलेली अकरा पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे, डोंगराच्या अगदी कुशीत. त्यांना वरची आळी म्हणत. बारावीला रसिकाला गणितात चांगले गुण पडले होते, पण पुढे शिकणं राहूनच गेलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. नवरा प्रथमेश कारखान्यात पाळीवर जायचा, सासू सुमनबाईंना दम्याचा त्रास होता, आणि सासरे बाळाराम यांचं अर्धं आयुष्य वाडीमागच्या भैरीच्या डोंगरावर गुरं राखण्यात गेलं होतं.

अर्जावर सही करण्याआधी तिने सासऱ्यांना विचारलं. ते ओटीवर दोरी वळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "डोंगर कुणीतरी बघायला हवाच. माझे डोळे आता तिथवर पोचत नाहीत. तू बघ."

शिकवणी तीन महिन्यांची होती, तालुक्याच्या गावी. शिकवायला डॉ. शेवडे मॅडम होत्या. माती आणि खडक यांच्या ताकदीचा अभ्यास करण्यात त्यांचे केस पिकले होते. पहिल्या दिवशी त्या डब्यातून खरवस घेऊन आल्या. एक वडी बशीत उभी करून त्यांनी तिच्या माथ्यावर बोट दाबलं आणि विचारलं, चीर कुठून जाणार? कुणी म्हणालं मधून, कुणी म्हणालं खालून. मॅडम म्हणाल्या, आख्ख्या वडीकडे बघून ते सांगता येणार नाही. पण वडीचे बारीक बारीक तुकडे आहेत असं मनात धरा. प्रत्येक तुकडा शेजारच्याला थोडा ढकलतो, थोडा ओढतो. एका तुकड्याचं गणित सोपं असतं. तशी लाखो सोपी गणितं एकमेकांत गुंफून एकदम सोडवली की सगळ्या वडीचं दुखणं कळतं. याला फायनाइट एलिमेंटची पद्धत म्हणतात. पूल, इंजिनं, विमानांचे पंख यांसाठी ती कित्येक वर्षं वापरात होती, पण एका डोंगराचं गणित सुटायला पूर्वी दोन-दोन दिवस लागायचे. तोवर डोंगर थांबत नसे. आता नव्या यंत्राने ते पाच मिनिटांवर आणलं होतं. डोंगरात चाळीस नळ्या खोल ठोकायच्या. मातीत पाणी किती चढलं, नळी किती कलली, हे त्या कळवत राहणार. खांबावरची एक पेटी त्यावरून डोंगराच्या नऊ लाख तुकड्यांचा हिशेब दर पाच मिनिटांनी मांडणार.

नऊ लाख आकडे कुठला माणूस वाचणार? म्हणून त्यांचं चित्र करायचं. जिथे आकडे सारखे तिथे एक रंग, नकाशात सारख्या उंचीच्या रेषा काढतात तसे रंगाचे पट्टे. चित्राच्या कडेला उभी पट्टी, कुठला रंग म्हणजे कुठला आकडा ते सांगणारी. इथे आकडा होता मातीच्या दमाचा. घसरण थोपवून धरायला मातीत जेवढा दम आहे, त्यातला शेकडा किती खर्ची पडला? साठपर्यंत निळा, ऐंशीपर्यंत हिरवा, त्र्याण्णवपर्यंत पिवळा, त्यापुढे लाल. शंभर म्हणजे माती सुटली. डोंगरात जो भाग सगळ्यात जास्त ताणलेला असेल, त्याचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसायचा.

शेवटच्या आठवड्यात मॅडमनी एकाच डोंगराची दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. एक शांत, निळं-हिरवं. दुसरं पेटल्यासारखं तांबडं. रसिकाला वाटलं, आधीचं आणि नंतरचं असेल. मॅडम म्हणाल्या, नाही, दोन्ही एकाच क्षणाची आहेत. आकडे तेच, फक्त कडेची पट्टी बदलली आहे.

"डोंगर आकडा देतो, रंग देत नाही," त्या म्हणाल्या. "रंग आपण देतो. हे विसरलीस तर चित्र बघूच नकोस."

पिवळ्याचा अर्थ काय, असं कुणीतरी विचारलं. हिरवा म्हणजे घरी राहा, लाल म्हणजे पळा, मग पिवळा म्हणजे? मॅडम म्हणाल्या, "पिवळा म्हणजे आम्हाला माहीत नाही. आणि माहीत नसलं की माणसं हलवायची."

पंचायतीच्या खोलीत रसिकाचा पडदा बसला आणि बाहेर भिंतीवर मोठा फलक. लोकांच्या फोनवरही चित्र यायचं. पहिले काही दिवस सगळी वाडी फलकासमोर उभी राहायची. ज्या डोंगरावर लाकडं तोडली, करवंदं खाल्ली, तो आतून असा दिसतो याचं अप्रूप होतं. मग सवय झाली. आंघोळीला पाणी तापलं का असं विचारावं तसं, आज काय रंग आहे, असं माणसं विचारू लागली. बायका एकमेकींना म्हणायच्या, सासू आज पिवळी आहे, जपून राहा.

पण चित्राने दुसरंही एक केलं. वरची आळी त्यात कायम हिरवी असायची, खालची घरं निळी. आजवर आळी ती आळी होती, चार पावलांवरची. आता ती दुसऱ्या रंगाची झाली. वरच्या आळीतल्या हरी शेलारांच्या प्राचीला बघायला पाहुणे आले. चहा-पोहे झाले, मुलगी पसंत पडली, आणि आठ दिवसांनी निरोप आला की मुलाच्या आईने फोनवर तुमच्या डोंगराचा रंग बघितला, तर राहू द्या. हरी शेलार तीन वर्षं अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून होते. त्यांना कुणी हे सांगितलं नाही, पण त्यांना ते कळलं. रसिका त्यांच्या घरावरून जायची तेव्हा मान खाली घालायची. आपण काही केलेलं नाही हे तिला माहीत होतं, तरी.

पहिल्या पावसाळ्यात पिवळा दोनदा लागला. नियमाप्रमाणे रसिकाने भोंगा वाजवला आणि सगळी वाडी खाली दोन किलोमीटरवरच्या निवारा शेडमध्ये गेली. दोन्ही वेळा सगळ्यांच्या आधी बाहेर पडले ते बाळाराम. हातात कंदील, खांद्यावर घोंगडी. "सुनेने सांगितलंय," असं वाटेत भेटेल त्याला सांगत. प्रथमेश पऱ्यावरचा साकव ओलांडून वरच्या आळीत जायचा आणि हरी शेलारांना पाठुंगळी घेऊन यायचा. घाई नसायची. साकवावर थांबून तो हरीकाकांना विडी पेटवून द्यायचा. पहिल्या वेळी एक दिवस काढला, दुसऱ्या वेळी दोन. डोंगर जागचा हलला नाही. लोक हसत परत आले, थोडे वैतागून, पण हसत.

तिसरा पिवळा पुढच्या ऑगस्टमध्ये लागला आणि चार दिवस उतरला नाही. आकडा एकोणनव्वदवर जाऊन थांबला, तिथेच घुटमळत राहिला. शेड पत्र्याची. जमीन ओली, वारा चहूकडून. दीडशे माणसं आणि दोन मोऱ्या. दुसऱ्या दिवशी सुमनबाईंना धाप लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी बोलावली, तर खालचा रस्ता पाण्याखाली होता. त्यांचा दम्याचा फवारा घरीच राहिला होता. प्रथमेश तो आणायला पळाला आणि घेऊनही आला. दुपारी तीनच्या सुमारास, बाळारामांच्या मांडीवर डोकं असतानाच, सुमनबाई गेल्या. रसिका त्यांचे पाय चोळत होती.

पाचव्या दिवशी आकडा उतरला. डोंगर होता तसाच होता.

तेराव्यानंतर ग्रामसभा झाली. लोकांनी रसिकाला नावं ठेवली नाहीत, पण तिच्याकडे कुणी पाहतही नव्हतं. सरपंच म्हणाले, तीन वेळा घरं सोडली, तीन वेळा काही झालं नाही, आणि आता माणूस गेलं. वरच्या आळीतलं कुणी म्हणालं, पोरींची लग्नं मोडतात. एकाने नियम शोधून आणला होता. गावाचा अनुभव लक्षात घेऊन ग्रामसभेच्या ठरावाने रंगवाचकाला पट्टीच्या मर्यादा बदलता येत होत्या. ठराव मांडला गेला. पिवळा काढावा. त्र्याण्णवपर्यंत हिरवा, त्यापुढे लाल. हात वर झाले. रसिकाने एवढंच सांगितलं की विचार करून कळवते.

त्या संध्याकाळी बाळाराम स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसले. सुमनबाई गेल्यापासून ते फार बोलले नव्हते. रसिका भाकरी थापत होती.

"पिवळा काढून टाक, रसिका," ते म्हणाले.

तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली.

"मी तुझ्यावर रागावलेलो नाही. तू तुझं काम केलंस. पण माहीत नाही म्हणून माणसं हलवायची, आणि हलवल्याने माणूस जायचं, हे मला पटत नाही. डोंगर पडायचा असेल तर पडतोय म्हणून सांग. आम्ही पळू. माहीत नाही म्हणून सांगू नकोस."

तव्यावरची भाकरी करपली. रसिकाने ती उलटली नाही. सासऱ्यांनी तिच्याकडे आजवर काहीही मागितलं नव्हतं, साधा चहासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तिने शेवडे मॅडमना फोन केला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की नियमात बसतं, ठराव आहे. मी तुला नको म्हणून लेखी देऊ शकत नाही, कर असंही म्हणणार नाही. रसिकाला वाटत होतं, त्यांनी एकदा ठामपणे नाही म्हणावं. मग तिला सासऱ्यांना सांगता आलं असतं की मॅडम नको म्हणाल्या. पण फोन तसाच संपला. तिने पट्टी उघडली, पिवळ्याच्या चौकटीतला आकडा खोडला, हिरव्याची हद्द वर ओढली. अर्ध्या मिनिटाचं काम. जिल्ह्याच्या नियंत्रण खोलीत दोनशे बारा डोंगरांची चित्रं एकत्र दिसायची, पण तीही गावागावाच्या पट्टीनेच रंगत. तिथेही आसणवाडी हिरवी झाली.

वाडी शांत झाली. वरची आळी आता पावसातही हिरवीच राहायची, पिवळी कधी दिसत नव्हती. दिवाळीनंतर प्राची शेलारचं लग्न जमलं आणि मेमध्ये झालं. मांडवात हरीकाकांना खुर्चीवर बसवलं होतं. त्यांनी रसिकाला जवळ बोलावून तिच्या डोक्यावर हात ठेवला. बाळाराम पुन्हा थोडंथोडं बोलू लागले. प्रथमेश एकदाच म्हणाला होता, की पिवळा असताना मला काकांना आणायला वेळ मिळायचा. नंतर त्याने पुन्हा विषय काढला नाही.

जुलैत पाऊस लागला तो सुटेना. सोमवारी सकाळी अकराच्या आत कोपऱ्यातला आकडा ऐंशीच्या पुढे गेला. जुन्या पट्टीवर त्याच मिनिटाला डोंगराच्या पोटात एक पिवळा डाग उमटला असता. नव्या पट्टीवर सगळं हिरवंगार होतं. रसिका तो आकडा बघत बसली. चौऱ्याऐंशी. संध्याकाळी अठ्ठ्याऐंशी. रंग बघून तिच्या मनाला बरं वाटायचं आणि आकडा बघून वाटायचं नाही, आणि दिवसभर ती या दोहोंच्या मध्ये हेलपाटे घालत राहिली. मागच्या वर्षी एकोणनव्वदला जाऊन उतरला होता. याही वेळी उतरेल. उगाच भोंगा वाजवला आणि पुन्हा कुणी दगावलं तर? तिने घरी येऊन बाळारामांना आकडा सांगितला. त्यांनी स्वतःच्या फोनवर चित्र बघितलं.

"हिरवंच आहे की," ते म्हणाले.

"हो, बाबा. हिरवं आहे."

सकाळी ती लवकर पंचायतीत गेली. आकडा एक्याण्णव होता. नऊ वाजले तरी एक्याण्णवच. तिने ठरवलं की ब्याण्णव झाला तर रंगाची वाट न बघता भोंगा वाजवायचा. ब्याण्णव झालाच नाही. नऊ चाळीसला चित्र बदललं आणि कोपऱ्यात एकदम शहाण्णव आला. नंतर कळलं ते असं. वरच्या कातळाशी एक जुनी भेग होती, ती त्या पाच मिनिटांत उघडली आणि माथ्यावरचं पाणी सरळ डोंगराच्या पोटात शिरलं. पडद्यावर हिरव्याच्या मधोमध लाल उमटला. मध्ये कुठला रंगच नव्हता.

तिने भोंगा दाबला. प्रथमेशची दुसरी पाळी होती, तो घरीच होता. खालची माणसं रस्त्याला लागली. बाळाराम दारात चप्पल न घालता उभे होते. प्रथमेश त्यांना म्हणाला की तुम्ही निघा, मी वरच्यांना घेऊन येतो, आणि साकवाकडे धावत गेला. वरच्या आळीत त्या दिवशी सदतीस माणसं होती. पहिल्या वीस मिनिटांत त्यातली एकोणतीस साकव ओलांडून आली, पोरं कडेवर घेतलेली, हातात बकरी धरलेली, कुणी ओल्या केसांनी. नियमाप्रमाणे रसिका रस्त्याच्या तोंडाशी यादी घेऊन उभी होती, एकेक नाव खोडत. आठ नावं उरली होती. हरी शेलार, त्यांची बायको, आणि शेजारच्या दोन घरांतली सहा म्हातारी माणसं.

तिने प्रथमेशला फोन लावला. पावसात त्याचा आवाज तुटत होता.

"काका पाठीवर आहेत," तो म्हणाला. "बाकीचे मागून येतायत. आलोच."

"साकवाला पाणी लागलंय. लवकर ये."

"आलोच, गो."

दहा वाजून चौदा मिनिटांनी डोंगर सुटला. रसिकाला पुढे कित्येकांनी विचारलं की आवाज कसा होता. तिला सांगता आलं नाही. तिला आठवत होतं ते एवढंच की झाडं उभीच्या उभी खाली येत होती, कुणीतरी ढकलत आणल्यासारखी, आणि ती अगदी सावकाश येतायत असं वाटलं. मग साकव नव्हता, पऱ्या नव्हता, वरची आळी नव्हती. खालची वाडी वाचली. पंचायतीच्या खोलीतला पडदाही चालू होता. चित्रातला वरच्या आळीचा भाग कोरा झाला होता. तिथल्या नळ्या गेल्या होत्या, त्यामुळे यंत्राला तिथे भरायला कुठलाच रंग नव्हता.

नऊ माणसं गेली. प्रथमेश पाचव्या दिवशी सापडला. हरीकाका त्याच्यापासून हातभर अंतरावर होते.

चौकशी समिती सप्टेंबरात आली. तीन माणसं, शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर बसलेली. शेवडे मॅडमही होत्या. त्यांनी तेच आकडे जुन्या पट्टीवर लावून दाखवले. सोमवारी सकाळी दहा पन्नासला डोंगराच्या पोटात पिवळा डाग उमटला, दुपारपर्यंत तो वरच्या आळीपर्यंत पसरला, रात्रभर तसाच राहिला. डोंगर सुटेपर्यंत तेवीस तास चोवीस मिनिटं. वर्गात दाटीवाटीने माणसं बसली होती. तो पिवळा सगळ्यांनी बघितला. सगळ्यांनी त्या ठरावाला हात वर केला होता.

बाळाराम उठले. ते म्हणाले की पट्टी बदलायला मी लावली. माझी बायको शेडमध्ये गेली, म्हणून मी सुनेला सांगितलं. तिच्या मनात नव्हतं. जे काही लिहायचं ते माझ्या नावावर लिहा.

"नाही," रसिका म्हणाली. ती बसल्या जागेवरूनच बोलली. "बाबांनी रंगाचं सांगितलं होतं. आकडा मी बघत होते. अठ्ठ्याऐंशी झाला तो मी बघितला, एक्याण्णव झाला तो मी बघितला. भोंगा माझ्या हाताशी होता. त्यांनी चित्र बघितलं, मी आकडा बघितला."

समितीने दोघांचंही लिहून घेतलं. अहवालात कुणाचाच दोष निघाला नाही. ठराव नियमाला धरून होता, भोंगा लाल लागल्याबरोबर वाजला होता. पट्टी बदलू देणारा नियम तेवढा रद्द झाला. जाताना मॅडम रसिकाजवळ आल्या. त्या म्हणाल्या, "मी नाही म्हणायला हवं होतं. तू त्यासाठीच फोन केला होतास ना?" रसिकाने होकाराची मान हलवली. मग मॅडमची गाडी आली.

सगळ्या वाडीला पठारावर नव्या वसाहतीत दोन-दोन खोल्या मिळाल्या. उतेकरांच्या दोन खोल्यांत आता दोघंच होती. मूलबाळ नव्हतं. रसिकाचा भाऊ तिला माहेरी न्यायला दोनदा आला. बाळारामही म्हणाले की जा, तुझं वय आहे. ती गेली नाही. का गेली नाही, हे तिला भावाला समजावता आलं नाही. त्या घरात एकच माणूस होतं ज्याच्यासमोर तिला काही लपवावं लागत नव्हतं, आणि त्या माणसाचंही तसंच होतं. पण दोघं बोलत मात्र नसत. जेवताना ती वाढायची, ते "पुरे" म्हणायचे. काही दिवस तेवढा एकच शब्द घरात उच्चारला जायचा. दुपारी ते बाहेर बाकावर बसत, भैरीचा डोंगर दिसणार नाही अशा बाजूला तोंड करून. प्राची एकदा भेटायला आली होती. ती दोघांच्या पाया पडली आणि वडिलांविषयी एक शब्दही न काढता परत गेली. त्या रात्री दोघांनी अन्नाला हात लावला नाही.

दीड वर्षाने मॅडमचं पत्र आलं. घाटाच्या पलीकडच्या बाजूला केवणी नावाचं गाव होतं, एकशे सहा वस्तीचं. तिथे यंत्र बसलं होतं, पण रंगवाचक टिकत नव्हता. दोघं सोडून गेले होते. तू येशील का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. रसिकाने पत्र घडी करून फळीवर ठेवून दिलं. आठवड्याने बाळारामांनी ते काढून तिच्यासमोर धरलं.

"मला जमणार नाही, बाबा," ती म्हणाली. "मी चित्र बघू शकत नाही आता."

"चित्र बघू नकोस. आकडा बघ." मग म्हणाले, "मी येतो बरोबर. मी चित्र बघेन."

ते थट्टा करत नव्हते. त्या दीड वर्षातलं त्यांचं ते सगळ्यात लांब बोलणं होतं.

केवणीत त्यांना शाळेमागची खोली मिळाली. पट्टीवर चारही रंग होते आणि ते आता कुणालाच बदलता येत नव्हते. पहिल्या ग्रामसभेत रसिकाने उभं राहून सांगितलं की पिवळा लागला की मी भोंगा वाजवीन. पिवळा म्हणजे डोंगर पडेल असं नाही. पिवळा म्हणजे मला माहीत नाही. एकाने विचारलं, मग तुम्हाला पगार कशाचा देतात? लोक हसले. आसणवाडीचं कुणी काही विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही. पण दमेकरी कोण, औषधं कुणाची, अंथरुणावर कोण, याची वेगळी यादी तिने पहिल्या महिन्यातच केली. शेडमध्ये फळ्यांची जमीन घातल्याशिवाय ती गप्प बसली नाही.

पिवळा जुलैच्या शेवटी लागला. ऐंशी होताच तिने भोंगा वाजवला. बाळारामांनी एकेका दारात जाऊन माणसं बाहेर काढली. वाद घालणाऱ्यांशी ते वाद घालत नसत, नुसते उंबऱ्यात बसून राहत, तो माणूस निघेपर्यंत. चार दिवस सगळे शेडमध्ये होते. आकडा शहाऐंशीपर्यंत गेला आणि पाचव्या दिवशी सकाळी एकोणऐंशीवर उतरला. डोंगर जागच्या जागी होता, धुऊन काढल्यासारखा हिरवा.

परत जाण्यासाठी रसिका यादी घेऊन दाराशी उभी राहिली. माणसं तिच्या अंगावरून बडबडत गेली. कुणाची रोपं कुजली होती, कुणाची कोंबडी गेली होती. सत्तरीच्या एक बाई, पार्वती दळवी, तिच्यासमोर थांबल्या. त्यांनी तिला भरपूर ऐकवलं. चार दिवस कुत्र्यासारखं पडायला लावलंस, काय झालं तुझ्या डोंगराला, पुढच्या वेळी मी येणार नाही, काय करायचं ते कर. रसिकाने सगळं ऐकून घेतलं. बाई दमल्या तेव्हा तिने त्यांच्या पिशवीतला फवारा बघून घेतला आणि त्यांचं नाव यादीत खोडलं.

सगळे गेल्यावर बाळाराम फळ्या पुसत होते. त्यांनी विचारलं, "झाले का?"

"झाले, बाबा. एकशे सहा."

"हा डोंगर कदाचित पडायचाच नाही."

"नाही पडला तर बरंच."

"मग तू आयुष्यभर शिव्या खाशील."

"हो."

त्यांनी फडकं पिळलं आणि तिच्या शेजारी पायरीवर येऊन बसले. पाऊस थांबला होता. वरच्या घरांची दारं एकेक करून उघडत होती, पार्वतीबाईंचा आवाज अजून चढाच होता. थोड्या वेळाने कुठल्या तरी घरातून कुकरची शिट्टी ऐकू आली, मग दुसऱ्या घरातून. दोघं ऐकत बसली.